पहिली फुल मॅरेथॉन: खान्देशातल्या माणसाने कुठली धरावी?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी.

मी शाळेत शिक्षक आहे, वय ४३. काही वर्षांपासून नेमाने पळतो. जळगावात आणि नाशकात हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) झाल्या, अडीच तासांच्या आत आरामात संपतात. आता फुल करायची मनापासून इच्छा आहे. ४२.१९५ किलोमीटर. घरात बोलणं झालं, बायको हो म्हणाली. एकच अट घातली, उन्हात जिवाशी खेळ नको.

घोडं अडलंय ते शर्यत निवडण्यावर. जळगावचा मित्र म्हणतो जानेवारीची मुंबई. धुळ्याचा साडू म्हणतो, आधी साताऱ्याचा घाट चढ, मग फुलचं बघ. पुण्यातला चुलतभाऊ डिसेंबरच्या पुण्याला ये म्हणतो, राहायची सोयही त्याच्याकडे होईल. एकाने तर थेट लडाखचं नाव काढलं.

दुसरं असं की, इंटरनेटवर सरावाचे जे तक्ते मिळतात ते थंड हवेच्या लोकांनी केलेले दिसतात. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे पाचलासुद्धा भिंती तापलेल्या असतात. तर शर्यत कुठली आणि सराव कधीपासून, हे आपल्याकडच्या पळणाऱ्यांकडून ऐकायचंय. माझं मत पुण्याकडे झुकतंय, पण पक्कं नाही.

अहिराणी_गडी (धुळे)

भाऊ, इतला इचार करशी ते पयशी कव्हय? 🙂 मुंबई धर.

मेहरूणकर (जळगाव)

सर, शर्यतीचं नाव बाजूला ठेवा. आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि शर्यतीच्या तारखेपासून उलटे आठवडे मोजा. हाफ होत असलेल्या माणसाला फुलसाठी १६ ते १८ आठवडे लागतात. त्यातले सर्वांत जड सहा-सात आठवडे, म्हणजे २४, २८, ३०, ३२ किलोमीटरचे लाँग रन, शर्यतीच्या तीन आठवडे आधी संपायला हवेत. आता हे जड आठवडे आपल्या जिल्ह्यात कुठल्या महिन्यात पडतात ते पाहा. खान्देशातल्या माणसाची शर्यत तिथेच ठरते.

मुंबई जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. उलटं मोजलं की सुरुवात सप्टेंबरच्या मध्यावर येते. सप्टेंबर दमट, ऑक्टोबरमध्ये पुन्हा ऊन चटकतं, पण तेव्हा अंतरं १४ ते २० चीच असतात, निभतं. जड आठवडे येतात नोव्हेंबर-डिसेंबरात. तेव्हा मेहरूण तलावावर पहाटे कानटोपी लागते. ३२ किलोमीटर पळायला वर्षात याहून चांगले दिवस आपल्याला मिळत नाहीत.

पुणे डिसेंबरच्या सुरुवातीला धरलं तर सगळं सहा आठवडे मागे सरकतं. जड रन ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जमतं, पण ऑक्टोबरचे रविवार चारला उठून काढावे लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरची कुठलीही फुल धरली तर पाया मे-जूनमध्ये घालायचा. त्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात. पहिल्या फुलसाठी हा वेडेपणा करू नका.

म्हणून माझं उत्तर: डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांबाहेरची फुल पहिली म्हणून घेऊच नये. त्या तिन्हींत कुठली, हे तुमच्या खिशावर आणि रजेवर.

लळिंगचा_वाघ (धुळे)

मेहरूणकर, कॅलेंडर मान्य. पण सरांच्या साडूचं म्हणणं असं झटकू नका, साडू बरोबर बोलतोय. (मी तो साडू नाही!)

सपाटीवर पळणाऱ्याचे पाय एकाच तऱ्हेने झिजतात. चढावर मांड्या, पोटऱ्या, दम, सगळं बनतं आणि वेग आपोआप आवरतो. सातारा हिल हाफ २०१२ पासून चालू आहे, अंतर २१.१ च. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि तसंच उतरून यायचं. पावसाळ्याच्या अखेरीस होते, हवा गार. उतरताना मांड्यांना जो मार बसतो तो फुलच्या शेवटच्या दहा किलोमीटरची खरी तालीम असते.

त्याचा सरावही आपल्याकडे होतो. धुळ्याजवळच्या लळिंग कुरणात लांडोर बंगल्याकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात एकदा पळून बघा. हिरवं कुरण, मोर, वर किल्ला. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली त्या बंगल्यात मुक्कामाला होते. दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसं लोटतात, त्या दिवशी पळायचं सोडून दर्शनाला जा. जळगावकरांना विद्यापीठाचा चढ आहे, चाळीसगावकरांना पाटणादेवीचा रस्ता आहे, शहाद्याकडच्यांना तर तोरणमाळ.

मेहरूणकर (जळगाव)

@लळिंगचा_वाघ, चढ हवाच, आठवड्यातून एकदा. त्यासाठी साताऱ्याला जायची गरज नाही, एवढंच म्हणतो. शिवाय सातारा संपल्यावर मांड्या पंधरा दिवस सुटत नाहीत आणि नेमके तेच जानेवारीच्या सरावाचे पहिले आठवडे.

लळिंगचा_वाघ (धुळे)

पंधरा दिवस मांड्या धरत असतील तर चढाचा सराव कमी पडला.

तापीतट_डॉक्टर (भुसावळ)

उन्हाचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो, कारण यात जीव जातो.

आपली हवा कोरडी. घाम आल्या आल्या वाळतो, त्यामुळे पळणाऱ्याला वाटतं आपल्याला घाम आलाच नाही. घरी येऊन टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे दिसले की कळतं. पळायच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. दोन-तीन रविवार असं वजन केलंत की तुमच्या अंगाचा हिशेब तुम्हाला कळतो. दुसऱ्या कुणाचा हिशेब उपयोगाचा नाही.

उन्हाची सवय शरीराला लागते, त्याला १० ते १४ दिवस लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. पण ही सवय उन्हात रोज थोडं थोडं, हळू पळून लागते. एकदम तासभर जोरात पळून लागत नाही. आणि थंडी आली की काही आठवड्यांत ती जातेही.

आता उलट बाजू. "पाणी पी, पाणी पी" म्हणत लोक तहान नसताना बाटल्याच्या बाटल्या रिचवतात. रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, झटके येऊ शकतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं निघालं. धोका जास्त कुणाला, तर हळू पळणाऱ्यांना. ते जास्त वेळ रस्त्यावर असतात आणि प्रत्येक टेबलावर थांबतात. तहान लागली की प्या. दोन तासांच्या वर पळणार असाल तर ओआरएस सोबत ठेवा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, विनाकारण चिडायला लागला, तर तो दमलाय असं समजू नका. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि पहिला फटका मेंदूला बसतो. तिथल्या तिथे सावलीत घ्या, मिळेल ते गार पाणी अंगावर ओता, बर्फ मिळाला तर काखेत, मानेला, जांघेत लावा. कुणाला तरी १०८ ला फोन करायला लावा, पण थंड करणं गाडी येईपर्यंत थांबवू नका.

आणि एक. शर्यतीच्या सकाळी अंगदुखीची गोळी घेऊन पळायची पद्धत पडलीय. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात. कृपा करून नको.

भरती_२१ (पारोळा)

सर्वांना नमस्कार. मी पोलीस भरतीची तयारी करतोय, १६०० मीटर. आमच्या ग्राउंडवर सांगतात, लांब पळू नको, स्पीड जातो. खरं आहे का? मला मॅरेथॉनपण आवडते.

पुण्यातला_धुळेकर

@भरती_२१, १६०० मीटरला पाच-सहा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात बहुतेक जोर दमावरच असतो. आठवड्यातून एकदा दहा-बारा किलोमीटर, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश, पळालास तर स्पीड जाणार नाही, उलट शेवटच्या चारशे मीटरला कामी येईल. पण भरती होईपर्यंत ३० किलोमीटरच्या भानगडीत पडू नकोस. आठवड्यातले दोन दिवस ४०० आणि ८०० मीटरच्या रिपीट्स (तेच अंतर थांबून थांबून पुन्हा पुन्हा जोरात पळणं) सोडू नको. नोकरी लागली की फुल कर, आम्ही येऊ टाळ्या वाजवायला.

भरती_२१ (पारोळा)

धन्यवाद दादा 🙏

सातपुड्याची_लेक (शहादा)

पहाटे चारला उठा, मेहरूणवर जा, लांडोर बंगल्यावर जा, सगळं छान. आता आमच्या बाजूने बघा. बाईमाणूस पहाटे चारला एकटी हायवेला लागू शकत नाही. मला उजाडायची वाट बघावी लागते आणि एप्रिल-मेमध्ये उजाडलं की ऊनच. त्यामुळे मेहरूणकरांचा मुद्दा आम्हा बायकांना दुप्पट लागू आहे. आमचे लाँग रन फक्त थंडीतच होतात.

शहाद्याकडे अजून एक अडचण. थंडीतच उसाचा गळीत हंगाम असतो. ट्रॉल्यांना मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. म्हणून रस्त्याच्या उजव्या बाजूने पळायचं, समोरून येणारं वाहन दिसलं पाहिजे. अंगात फिकट कपडे, हातात टॉर्च, कानात काही नाही. आम्ही चौघी जणी आहोत. एकीच्या मिस्टरांची मोटरसायकल मागे हळूहळू चालते, पाण्याच्या बाटल्या त्यांच्याकडेच असतात.

कुत्र्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. चिकनच्या दुकानांचा पट्टा टाळा. कुत्रं मागे लागलं तर पळू नका, थांबा, तोंड त्याच्याकडे ठेवून हळू मागे सरका. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं सुरू करा. हळद-मिरची भरू नका.

सर, तुम्ही शर्यत निवडताय, मीही निवडते. तेव्हा आधी बघते की मार्गावर बायकांसाठी शौचालयं किती आणि कुठे, आणि कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मुदत, किती तासांची. टी-शर्ट आणि मेडल सगळेच देतात. आमच्याकडे अजून म्हणतात की बाईने एवढं पळू नये. ऑलिंपिकवाल्यांनाही तसंच वाटायचं, बायकांची मॅरेथॉन तिथे १९८४ साली आली. आणि आपल्या शेजारच्या हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये राष्ट्रकुलात दहा हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली. धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळांमधल्या मुली पळताना बघा, असं पळणं कुठल्या क्लासला शिकवत नाहीत. त्यांना बूट आणि पोटभर खाणं मिळालं पाहिजे.

तापीतट_डॉक्टर (भुसावळ)

@सातपुड्याची_लेक, जखम धुण्याचं नेमकं सांगितलंत. फक्त अजून एक: खोल चावा असेल तर लसीसोबत सिरमही (तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन) लागतं, तिथे विचारून घ्या.

केळीबाग (रावेर)

राम राम. मी शेतकरी. पळायला लागलो तेव्हा गावात म्हणायचे, दिवसभर वावरात राबतो, वरून पळतो कशाला. आता त्यांचीच पोरं सोबत येतात.

आमचा तक्ता लाईटवर चालतो. एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दोनला उठून केळीला पाणी द्यायचं, पहाटे अंग उरत नाही. त्या आठवड्यात मी फक्त हलकं पळतो आणि लाँग रन दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात टाकतो. म्हणजे पंधरा दिवसांतून एक लाँग रन. तरी फुल झाली, चांगली झाली. शहरवाले दर रविवारी लाँग रन झालाच पाहिजे म्हणून जिवाला लावून घेतात, तसं काही नसतं.

खाण्याचं म्हणाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्ब्स (कर्बोदकं) घ्या असं सांगतात. आपल्या एका केळात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे तासाला दीड-दोन केळी. पळणारे घेतात त्या एनर्जी जेलच्या एका पुडीच्या पैशात आमच्याकडे अर्धा डझन येतील. फक्त सालीवर काळे ठिपके पडलेलं, पूर्ण पिकलेलं घ्या, अर्धकच्चं पोटात बसून राहतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय, तर शर्यतीत पुडी का चोखायची?

पुण्यातला_धुळेकर

@केळीबाग, केळीशी शंभर टक्के सहमत. अडचण एकच, बत्तीसाव्या किलोमीटरला चावायची ताकद राहत नाही. मी पहिल्या अर्ध्यात केळी आणि नंतर गुळाचं पाणी घेतो. काहीही घ्या, पण लाँग रनला पोटाला सवय केलेलंच घ्या.

अहिराणी_गडी (धुळे)

आदल्या रात्री शेवभाजी चालेल का?

केळीबाग (रावेर)

शेवभाजी नको, भरीत नको, कळण्याची भाकरीपण नको. साधा वरण-भात, थोडं तूप. भरीत पार्टी मेडल गळ्यात पडल्यावर, माझ्या मळ्यात. सगळ्यांना आवतन.

लळिंगचा_वाघ (धुळे)

आता धागा योग्य वळणावर आला. वांगी बामणोदची पाहिजेत.

आप्पा_एरंडोल

मंडळी, भरीत नंतर. माझं वय ६६. पळणं कमी, चालणं जास्त, पण लांबचं सगळं होतं.

खान्देशाला लांब अंतर नवीन नाही. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांचे जथे आपण लहानपणापासून बघतो. भर उन्हाळ्यात, डोक्याला उपरणं, पायात साधी चप्पल. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला महिनाभर चालत जाते. ती माणसं दुपारी झाडाखाली पडतात, पहाटे आणि संध्याकाळी चालतात, वाटेत जे मिळेल ते थोडं थोडं खातात, एकमेकांच्या वेगाने जातात. तुमच्या तक्त्यांत जे लिहिलेलं असतं ते यात सगळं आलं.

बोरीकाठ सर, पहिल्या फुलला सुरुवातीपासूनच मध्ये मध्ये चाला. चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला. दमल्यावर चालायला लागलात तर पुन्हा पळणं होत नाही. आधीपासून चाललात तर शेवटपर्यंत पळता येतं. यात कमीपणा मानू नका.

बोरीकाठ (अमळनेर)

आप्पा, हे मनाला पटलं. सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

दोन शंका. पहिली, पाच तासांत संपवायचं म्हटलं तर वेग किती ठेवू? दुसरी, नाशकात माझ्या घड्याळाने हाफचं अंतर २१.४ दाखवलं. मार्ग चुकीचा मोजला होता का?

पुण्यातला_धुळेकर

पाच तासांना किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद पडतात. त्यात पाण्याचे थांबे आणि आप्पांचं चालणं धरून ६:५० च्या आसपास पळावं लागेल. पण पहिल्या फुलला वेळ ठरवूच नका, माझं ऐका. पहिले ३० किलोमीटर शेजारच्याशी बोलता येईल अशा चालीने काढा. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन तिशीच्या पुढे संपत येतं आणि सुरुवातीला जोर केलेले लोक तिथेच रस्त्याकडेला बसलेले दिसतात.

घड्याळाचं असं आहे: प्रमाणित मार्ग खास काउंटर लावलेल्या सायकलने मोजतात. वळणांवर सर्वांत जवळची, आतली रेषा धरतात, आणि मार्ग कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त ठेवतात. आपण गर्दीतून आडवेतिडवे पळतो, पाण्यासाठी कडेला जातो, उंच इमारतींत जीपीएस भरकटतं. त्यामुळे घड्याळात जास्तच दिसणार. फुलला घड्याळात ४२.७ आलं तरी घाबरू नका, आणि पेस (पळायचा वेग) घड्याळावर न धरता किलोमीटरच्या पाट्यांवर धरा.

निवडीबद्दल. मुंबई २००४ पासून आहे, व्यवस्था नीट, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी लोक उभे राहून ओरडत असतात, पोरं चिक्की-संत्री घेऊन हात पुढे करतात. पहिल्या फुलला ते फार लागतं. पण मेहरूणकरांनी एक गोष्ट सोडली. तुम्ही डिसेंबरच्या कोरड्या थंडीत तयार होणार आणि मुंबईत जानेवारीतही हवा दमट. घाम वाळतच नाही, अंग थंड होत नाही. सकाळी आठनंतर ऊन लागतं आणि पेडर रोडचा चढ येतो तो नेमका शेवटच्या टप्प्यात. खान्देशातून येणारे तिथे फसतात. पुण्याची हवा आपल्यासारखीच. १९८३ पासूनची शर्यत आहे, आणि तुम्हाला मुक्कामाला घर आहे.

मेहरूणकर (जळगाव)

दमट हवेचा मुद्दा बरोबर आहे, आणि त्यावर उपाय आहे. शेवटच्या महिन्यातले दोन-तीन लाँग रन पहाटे पाचऐवजी साडेसातला सुरू करा, म्हणजे शेवटचा तास अंगावर ऊन येईल. दुपारी घरचं कामही पंख्याशिवाय थोडं करा. आणि मुंबईत पहिले दहा किलोमीटर ठरवल्यापेक्षा किलोमीटरला १५-२० सेकंद हळू. एवढं केलं तर निभतं, आमच्या ग्रुपची बरीच माणसं याच वाटेने गेलीत.

सातपुड्याची_लेक (शहादा)

लडाखचं कुणी उत्तर दिलं नाही म्हणून: लेह ३५०० मीटरच्या वर आहे. पळणं राहू द्या, नुसतं जिना चढायला धाप लागते. आठवडाभर आधी जाऊन राहावं लागतं, शर्यत सप्टेंबरात, म्हणजे पाया मे-जूनमध्ये. शाळा चालू असताना एवढी रजा सरांना कोण देणार? तोरणमाळ ११०० मीटरच्या वर आहे, सातपायरीचा घाट आहे, यशवंत तलाव आहे. ऑगस्टमध्ये या सगळे, जेवण माझ्याकडे.

भरती_२१ (पारोळा)

परदेशात ९० किलोमीटरची शर्यत असते म्हणतात, ती कुठली?

पुण्यातला_धुळेकर

कॉम्रेड्स. दक्षिण आफ्रिकेत, डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामध्ये, १९२१ पासून. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी सुरू झाली. अंतर साधारण ८६ ते ९० च्या दरम्यान, एक वर्ष चढाच्या दिशेने, एक वर्ष उताराच्या. बारा तासांचा कटऑफ. बंदूक वाजली की शेवटची रेषा बंद, समोर दोन पावलांवर असलेला माणूसही बाद. सध्या त्यासाठी फुल मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत केलेली लागते. भारतातून दरवर्षी बरेच जण जातात. मी पळालोय म्हणून सांगतो, तिथे पळताना मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो लळिंगच्या चढाचा.

लळिंगचा_वाघ (धुळे)

ऐका! ऐका सगळे!

भुसावळ_लोको

मी शिफ्ट ड्युटीवाला, त्यामुळे उशिरा वाचलं. चढ, केळी, घाम, सगळं झालं. शर्यतीला पोहोचायचं कसं, हे राहिलं.

मुंबईत शर्यतीच्या दिवशी बिब (छातीवर लावायचा नंबर) मिळत नाही. आधीच्या दिवसांत एक्स्पोला (शर्यतीआधीच्या प्रदर्शनाला) स्वतः जाऊन घ्यावा लागतो. म्हणजे शुक्रवारी रात्री गाडीत बसा, शनिवारी सकाळी मुंबई, बिब घ्या, दुपारी पाय वर करून झोपा. शनिवारी रात्रीच्या गाडीने जाऊन बिब मिळेल या भरवशावर राहू नका. मुक्काम सीएसएमटीच्या जवळ पाहा, फुल तिथूनच पहाटे सुटते. परतीचं तिकीट रविवारी रात्रीचं आणि लोअर बर्थचं काढा. ४२ किलोमीटरनंतर वरच्या बर्थवर चढणं म्हणजे अजून एक घाट.

आणि मोठ्या शर्यतींत नोंदणी करताना आधीच्या शर्यतीचं टायमिंग मागतात. सर, नाशिक-जळगावची सर्टिफिकेटं जपून ठेवा.

बोरीकाठ (अमळनेर)

मंडळी, दोन दिवस सगळं परत परत वाचलं. घरी चर्चाही झाली. ठरलं ते लिहितो.

पुणे, डिसेंबर. कारण हवा आपल्यासारखी, भावाकडे मुक्काम, आणि बायको-मुलं सोबत येऊ शकतात. खर्च निम्म्यावर येतो. मुंबई त्याच्या पुढच्या वर्षी. सराव ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू. ऑक्टोबरचे रविवार चारला उठणार, शाळेतले दोन तरुण शिक्षक सायकलवर सोबत यायला तयार झालेत. आठवड्यातून एक चढ, त्यातला महिन्यातून एक साडूकडे धुळ्याला, लळिंगला. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, आप्पांच्या पद्धतीने.

मेहरूणकर (जळगाव)

डिसेंबर आहे ना, मग माझी हरकत नाही. फक्त ३२ चा रन नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारच्या पुढे ढकलू नका.

लळिंगचा_वाघ (धुळे)

महिन्यातून एकदा लळिंग पुरत नाही. अजून सांगतो, सातारा आधी.

तापीतट_डॉक्टर (भुसावळ)

सर, चाळिशी ओलांडली आहे. जुलैत रक्तदाब, साखर, ईसीजी करून घ्या. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना सांगून स्ट्रेस टेस्टही करा. पळताना छातीत दडपण आलं, जबड्यात किंवा हातात कळ आली, तर त्या दिवशी रन तिथेच थांबवायचा, घरापर्यंतसुद्धा पळत जायचं नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

हो डॉक्टरसाहेब, जुलैतच करतो.

भुसावळ_लोको

पुण्याची शर्यत डिसेंबरच्या पहिल्या रविवारी धरली, तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला. सकाळी आठलाच बसा. घरचे चौघे असाल तर जळगावहून काढा, अमळनेरपेक्षा तिथून गाड्या जास्त.